सोळावी भाजी

हमरिया, मस्कत
१९ जुलै २०१६, मंगळवार

जिन्यात पुन्हा तो वास आला. मासळीचा नव्हे. समोरच्या इक्बालचा मत्राहच्या बाजारात मासळीचा धंदा आहे, त्यामुळे मासळीच्या वासाशी माझी चांगली ओळख आहे. हा निराळा. उग्र, हिरवा, जरासा गोडसर. कैरीच्या कोयीवर कोणी रॉकेल शिंपडावं तसा. मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर निरोप फिरतो आहे की रुवी-हमरियात गांजाचा सुळसुळाट झाला आहे, सर्वांनी सावध राहावे. गांजाचा वास मी जन्मात घेतलेला नाही, पण तो असाच असणार.

यांना सांगितलं. हे म्हणाले, "एसीत पाणी साचलं असेल." यांच्या सगळ्या चौकशा एसीपाशी येऊन थांबतात.

समोरच्या घराबद्दल शंका यायला कारण आहे. इक्बालची आई हवाबी, तिचा धाकटा भाऊ अमीन इथल्या तुरुंगात बारा वर्षं होता. विमानतळावर त्याच्या सामानात कोणाचं तरी पार्सल सापडलं. आत काय आहे हे त्याला माहीत नव्हतं, असं हवाबी आजही सांगते. माहीत नव्हतं म्हणजे काय? आपल्या हातात काय आहे हे माणसाला माहीत असतंच. सुटून दापोलीला गेला आणि थोड्याच दिवसांत वारला. वाईट झालं. पण 'माहीत नव्हतं' हे मी मानणार नाही.

हे डिसेंबरात निवृत्त होतात. इतकी वर्षं कंपनीचं गोदाम सांभाळलं, एक डाग नाही. घर यांच्या नावावर भाड्यानं घेतलेलं आहे. इथे एकदा चौकशी सुरू झाली की ती कोणाच्या दारात संपेल, सांगता येत नाही. म्हणून मी लक्ष ठेवणार आहे.

२१ जुलै, गुरुवार

घरातलीही एक गोष्ट लिहून ठेवते.

मागच्या खोलीत मार्चपासून अजिंक्य राहतो. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचा, सुरेखाचा मुलगा. एलईडी दिवे विकणाऱ्या कंपनीत आहे. "मावशी, मावशी" करतो, ताट उचलून ठेवतो, मला आवडतो. पण ऑफिसला जाताना खोलीला कुलूप घालतो. तो नसतानाही आत एसी चालू असतो. आणि दाराच्या फटीतून जांभळा उजेड येतो. चांगल्या घरातल्या मुलाला जांभळा उजेड कशाला लागतो?

मुलगी आणून ठेवली असेल का, असं यांना विचारलं. हे म्हणाले, "मुलगी असती तर एव्हाना तिनं तुझ्याकडे चहा मागितला असता."

२४ जुलै, रविवार

माझ्या घरातल्या कुलपाची दुसरी किल्ली माझ्याकडे असणारच. तो ऑफिसला गेल्यावर उघडलं.

खिडकीला काळा कागद. पलंग भिंतीला सरकवलेला, आणि उरलेल्या जागेत उभ्या कपाटाएवढा काळ्या कापडाचा तंबू. चेन ओढली तर आत सगळं चंदेरी, वर जांभळे दिवे, एक लहानसा पंखा, आणि कुंड्यांमध्ये कमरेएवढी हिरवीगार झाडं.

मी जमिनीवरच बसले. अंबाडी!

पान ओळखायला मला वेळ लागला नाही. पंजासारखं पसरलेलं, बोटं सुटी, कडेला करवतीचे दाते. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलं होतं, फुकट नाही. नावसुद्धा आठवलं, हिबिस्कस कॅनाबिनस. दुसऱ्या शब्दाचा अर्थ तेव्हा बाईंनी सांगितला होता, तो काही आठवेना. ज्या अंबाडीसाठी मी मस्कतमधली भाजीची दुकानं पालथी घातली, ती माझ्याच मागच्या खोलीत.

आमच्याकडे महालक्ष्म्या असतात. यांचं घर औशाचं. सासूबाई गेल्यापासून देवी इथे आणल्या. जेवायला मंडळातली पन्नासेक माणसं, यांचे साहेब, शाळेचे मुख्याध्यापक. नैवेद्याला सोळा भाज्या, आणि त्यात अंबाडी हवीच. दरवर्षी मी पालकात चिंच घालून वेळ मारून नेते आणि दरवर्षी मनात खुपतं.

संध्याकाळी अजिंक्य आल्यावर त्याला समोर बसवलं. म्हटलं, खोलीत काय आहे ते मी पाहिलं आहे, आता तूच सांग. तो पांढराफटक पडला. मान खाली घालून म्हणाला, "मावशी, मी सगळं सांगतो, फक्त काकांना..."

मला त्याची दया आली. एवढ्याशा गोष्टीला एवढं भ्यायचं?

"अंबाडी आहे ना ती?" मी म्हटलं.

त्यानं मान वर केली. माझ्याकडे बघत राहिला.

"हो," तो म्हणाला. "अंबाडीच आहे, मावशी."

मग मोकळेपणानं बोलला. कंपनी झाडं वाढवायचे दिवे आणणार आहे, त्यांची चाचणी चालली आहे. इथल्या उन्हात बाहेर काही टिकत नाही, म्हणून खोलीत. आता दिवस लहान करायचा, अर्धा दिवस पूर्ण अंधार, म्हणजे झाडाला वाटतं हिवाळा आला आणि ते फुलावर येतं. शेवंतीचं तसंच असतं, मी म्हटलं. तो म्हणाला, "मावशी, तुम्हाला सगळंच माहीत आहे." कंपनीचं गुपित आहे, बाहेर बोलायचं नाही, असंही बजावलं. मी काय गटावर टाकणार आहे?

उगाच संशय घेतला पोरावर.

२ ऑगस्ट, मंगळवार

समोरच्या घराचं काहीतरी नक्की आहे. दोन दिवसांआड संध्याकाळी खाली एक पांढरी गाडी थांबते. काळ्या काचा. कोणी उतरत नाही. मी बाल्कनीतून बघते. इक्बाल त्या वेळेला घरी असतो, म्हणजे त्याच्यासाठीच. आज नीट बघायचं म्हणून वाकले होते, तेवढ्यात आमचा अजिंक्य कचऱ्याची पिशवी घेऊन बलदियाच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, डब्याकडे गेला आणि गाडीच्या आड आला, त्यामुळे काही दिसलं नाही. हल्ली कचरा न सांगता टाकतो, गुणी आहे.

वर आल्यावर मी त्याला विचारलं, गाडीत कोण होतं. म्हणाला, "कोण जाणे. इक्बालभाईंकडे थर्मोकोलच्या पेट्या येतात ना, त्यात काय काय येत असेल." मलाही हेच वाटत होतं. बर्फाखाली कोण हात घालून बघतं?

वास वाढला आहे. आता मागच्या खोलीतही येतो. त्या न्हाणीघराची खिडकी आणि हवाबीच्या न्हाणीघराची खिडकी एकाच डक्टमध्ये उघडतात, तिकडून येत असणार. माझ्या अंबाडीला तो वास लागू नये म्हणजे झालं.

१२ ऑगस्ट, शुक्रवार

आज राहवलं नाही. अजिंक्य जुम्म्याची सुट्टी म्हणून मित्रांबरोबर वाडीत, म्हणजे इथल्या डोंगरातल्या ओढ्यात, पोहायला गेला होता. तंबू उघडून ओंजळभर कोवळी पानं खुडली. तुरीची डाळ, कण्या, वरून लसणीची भरपूर तेलाची फोडणी. सासूबाई करायच्या तशीच.

चव बेताची. आंबटपणा अजिबात नाही. दिव्याखाली वाढलेल्या पाल्यात तो उतरत नसावा. चिंच घातली. हे म्हणाले, "आईच्या हाताची अशी नव्हती." मी म्हटलं, तुमच्या आईला ऊन मिळत होतं.

दुपारी हे सोफ्यावर बसले आणि बातम्या बघत हसू लागले. खनिज तेलाच्या भावाची बातमी होती. तीत हसण्यासारखं काही नव्हतं. मी तसं म्हटलं तर जास्तच हसले, डोळ्यांतून पाणी काढलं. मग मला म्हणाले की पंख्याला तीनच पाती आहेत, हे आपण इतकी वर्षं कधी बोललोच नाही.

माझं स्वतःचं डोकं जड झालं. दुपार संपता संपेना. दिवाणखान्यात बसून मी एकटीनं चिवड्याचा डबा संपवला, आणि तो संपल्यावर मला रडू आलं. हे मी कोणाला सांगणार नाही. उन्हाळा बाधला, दुसरं काय. यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या बदलून घेतल्या पाहिजेत.

१३ ऑगस्ट, शनिवार

पानं खुडलेली अजिंक्यला लगेच कळली. इतका घाबरला की मीच चकित झाले. "मावशी, खाल्लीत? किती? काकांनीपण?" मग म्हणाला, झाड फुलावर आलं की पान तोडायचं नसतं, प्रयोग फुकट जातो. मी विचारलं, महालक्ष्म्यांना तरी देशील ना? त्यानं कॅलेंडर बघितलं. म्हणाला, कापणी त्यानंतर आठवड्यानं आहे, तेव्हा हवी तेवढी घ्या. देवी काय तुझ्या कापणीसाठी थांबणार आहेत? पण गप्प बसले. नऊ तारखेला पहाटे मी माझी कात्री घेऊन जाईन. हा उठेपर्यंत भाजी शिजलेली असेल.

२५ ऑगस्ट, गुरुवार

फुलं आली. पण ही कसली फुलं? अंबाडीचं फूल मी प्रॅक्टिकलला सुकवून चिकटवलेलं आहे: पाच पाकळ्या, पिवळ्या, मध्यभागी गर्द लाल. इथे पाकळीचा पत्ता नाही. शेंड्याला हिरवे गोंडे, त्यांना बारीक तांबूस केस. हात लावला तर चिकट, आणि साबणानंही वास जात नाही. अजिंक्यला विचारलं. म्हणाला, एलईडीचा रंग बदलला की फुलाचा रंग बदलतो. विज्ञान कुठल्या कुठे गेलं आहे.

आज हवाबी दारात उभी होती. हातात काही नाही, काम काही नाही. म्हणाली, "वैनी, मागल्या खोलीत कोन ऱ्हातो?" मी म्हटलं, नातेवाईक. "काय करतो तो?" मी म्हटलं, नोकरी. तिनं माझ्या खांद्यावरून आत नजर टाकली. नाक वर केलं, हुंगल्यासारखं. मी दार लोटून घेतलं.

स्वतःच्या घरची घाण लपवायला दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं. नातूर, आमच्या इमारतीचा राखणदार, सांगत होता की तिनं त्यालाही अजिंक्यच्या येण्याजाण्याची वेळ विचारली. का?

३ सप्टेंबर, शनिवार

आज निर्णय घेतला. जिन्यात वास इतका दाटला आहे की वरच्या मजल्यावरची मल्याळी बाई नाकाला पदर लावून गेली. सोमवारी गणपती, गुरुवारी महालक्ष्म्या येणार, शुक्रवारी घरात पन्नास माणसं. कोणी बाहेर काही बोललं तर नाव आमचंही येणार.

अर्बाबना फोन केला. घरमालक म्हणून त्यांना कळायलाच हवं. सगळं सांगितलं: वास, पेट्या, पांढरी गाडी, अमीनचा इतिहास. अर्बाब वयस्क आहेत, हिंदी छान बोलतात. शांतपणे ऐकून म्हणाले की इक्बालला ते लहानपणापासून ओळखतात, पण वासाची तक्रार आणखीही एकानं केली आहे. त्यांचा पुतण्या पोलिसात आहे. त्याला घेऊन गुरुवारी दुपारी येतील, बघून घेतील, इन्शाल्ला.

यांना सांगितलं. यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "प्रभा, शेजारी आहेत ते." मी म्हटलं, म्हणूनच.

७ सप्टेंबर, बुधवार

अजिंक्य कालपासून इब्रीला गेला आहे, तिथल्या एका दुकानाचे दिवे बसवायचे आहेत म्हणून. शनिवारी येईल. बरंच झालं, कात्रीचा प्रश्न सुटला. त्याला निरोप टाकला की उद्या समोरच्यांकडे पोलीस येणार आहेत, घाबरू नकोस, आपला काही संबंध नाही. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. मग फोन केला तर बंद. कामात असेल.

गणपतीच्या दिवशी हवाबीनं सांदणं पाठवली होती, स्टीलच्या वाटीत. गूळ आणि नारळ, त्यात न खाण्यासारखं काही नव्हतं, तरी मी ती नातूरला दिली. वाटी परत करायची राहिली होती. वाटी रिकामी पाठवायची नाही हे आईनं लहानपणी शिकवलेलं. घरात सणाची गडबड, द्यायला काही हाताशी नाही. म्हणून तंबूतली चार कोवळ्या डहाळ्या खुडून वाटीत ठेवल्या. कोकणातली आहे, अंबाडी ओळखेल.

दारातच दिली. आणि स्पष्ट सांगितलं, "उद्या दुपारी अर्बाब पोलीस घेऊन येणार आहेत. घरात काय असेल ते आवरून ठेवा." शेजारधर्म म्हणून सांगितलं, माझ्या मनात आडपडदा नसतो.

तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती वाटीत बघत होती. एक डहाळी उचलून बोटांत चुरडली, नाकाशी नेली. तिचा चेहरा असा उतरला की तिला हाताचा आधार द्यावासा वाटला.

"हा पाला कुठचा, वैनी?"

"घरचा," मी म्हटलं.

"तुमी स्वता लावलाव?"

"कोणी का लावेना. अंबाडी आहे, भाजी करा."

"आनि कोनाला दिलाव?"

मी वळले. पोलिसांचं नाव काढल्याबरोबर पाल्याच्या गोष्टी! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. तिनं वाटी पदराखाली घेतली आणि दार लावलं.

८ सप्टेंबर, गुरुवार

जे झालं ते क्रमानं लिहिते.

सकाळी आम्ही दोघं रुवीला गेलो, फुलं आणि केळीची पानं आणायला. दिवाणखान्याचा एसी कालपासून गळतो आहे, माणूस सकाळीच येणार होता. यांनी मला न विचारता किल्ली हवाबीकडे दिली. गाडीत बसल्यावर सांगितलं. मी परत फिरा म्हटलं, तर सिग्नलला उभे होतो.

परत आलो तेव्हा एसी चालत होता. घरात फिनेलचा घमघमाट. मागच्या खोलीचं कुलूप तुटलेलं. आत काही नाही. झाडं नाहीत, कुंड्या नाहीत, माती नाही. तंबू घडी घालून पलंगाखाली, दिवे खोक्यात. फरशी धुतलेली, खिडकी उघडी. फक्त काळ्या कागदाचा एक तुकडा काचेला चिकटून राहिलेला.

माझी अंबाडी चोरली. नैवेद्याच्या आदल्या दिवशी.

मी समोरचं दार वाजवलं. हवाबीनं उघडलं, बुरखा अंगावर तसाच, घामानं भिजलेली, धाप लागलेली. मी नको ते बोलले. देवीच्या ताटावर डोळा ठेवलात म्हटलं. तुमच्या घराण्याला चोरी नवी नाही, असंही म्हटलं. ती दाराला धरून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "पोलीस येऊन जाऊंदे, वैनी. मग काय ते बोला."

दुपारी अर्बाब आले. पुतण्या तरुण, गणवेशात, हसरा. समोरच्या घरात बराच वेळ होते. इक्बालनं पेट्या उघडून दाखवल्या: सुरमई, बर्फ, सुरमई. मग पुतण्या म्हणाला, इथपर्यंत आलो आहोत तर हेही घर बघून घेतो.

मागच्या खोलीच्या दारात तो थांबला. छताला अजिंक्यनं ठोकलेल्या आकड्याकडे बघितलं, काळ्या कागदाकडे बघितलं, श्वास आत ओढला. इथे कोण राहतं, काय होतं, असं हिंदीत विचारलं. मी बोलणारच होते. माझी झाडं होती, ती आज सकाळी चोरीला गेली, माझी तक्रार लिहून घ्या, हे सगळं वाक्य ओठांवर होतं.

हवाबीनं माझा हात धरला. ती कधी आत आली ते मला कळलं नव्हतं. शेजारी म्हणून इतकी वर्षं राहिलो, तिनं मला कधी हात लावला नव्हता. असा दाबला की बांगडी मनगटात रुतली. पोलिसाशी ती अरबीत बोलली, भरभर. मला तुकडे कळले: बाईंचा सण, देवाची जागा, मीच धुवून दिली. पुतण्यानं यांच्याकडे बघितलं.

"हो," हे म्हणाले. "उद्या पूजा आहे." यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

त्यानं आत टाकलेलं पाऊल मागे घेतलं. माफी मागितली. अर्बाब खजूर घेऊन आले होते, तो डबा माझ्या हातात ठेवून दोघं गेले.

तिनं हात सोडला तेव्हा माझ्या मनगटाला वास लागला होता. वर मासळीचा. आणि मासळीखाली तो. जिन्यातला. म्हणजे मी म्हणत होते ते खरं, वास तिचाच! यांना हात हुंगायला लावला. यांनी हुंगला, आणि खुर्चीत बसून तोंड झाकून घेतलं.

संध्याकाळी मुखवटे बसवले. कुंकवाची पावलं उमटवताना मागच्या खोलीशी आले आणि 'काय आलं?' विचारायचं तेच विसरले.

९ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी पंधरा भाज्या ओट्यावर मांडल्या आणि सोळाव्या जागेकडे बघत उभी राहिले. मग तशीच समोर गेले. आज सोक्षमोक्ष लावायचा होता.

हवाबी उंबऱ्याच्या आत जमिनीवर बसून पाला निवडत होती. लाल देठांची जुडी. पान पंजासारखं, कडेला दाते. मी म्हटलं, ही माझी अंबाडी.

"ही तुमची नाय. पन अंबाडी हीच," ती म्हणाली. "इक्बालच्या हाताखाली तेलुगू पोर हाय, ते लोक गोंगुरा म्हनतात. रुवीतच मिळते. पहाटे आनली तुमच्यासाठी. चाखून बगा."

मी पान तोंडात टाकलं.

आंबट. गालफडं आत ओढली गेली, डोळ्यांत पाणी आलं. अशीच होती औशाची. गोंगुरा! ती पाटी मी दर आठवड्याला वाचते आणि पुढे जाते. मला हवी होती अंबाडी; मी मराठीतच मागत राहिले, आणि नाही म्हणाले की परत फिरले.

आणि त्याच क्षणी तो शब्द आठवला. कॅनाबिनस. बाईंनी फळ्यावर लिहिला होता. गांजासारखी पानं असलेली. दिसायला गांजासारखी, म्हणून अंबाडीला ते नाव.

मी तोंडातलं पान हातावर काढलं. हवाबीनं वर बघितलं आणि तिला कळलं की मला कळलं. पाला निवडतच बोलली, खालच्या आवाजात. अमीनच्या वेळेला वकिलानं ते दाखवलं होतं, पान आणि गोंडे, फोटोत. कोर्टात ते पार्सल उघडलं तेव्हा वासही आला होता. जिन्यात तिला महिनाभर शंका होती, अजिंक्यचीही, पण म्हणाली, तुमच्या घरातून येईल असं कसं वाटेल? वाटीत पाला बघितला तेव्हा तिला कळलं की मला काही माहीत नाही. माहीत असतं तर कोणी वाटीत घालून देतं का?

झाडं कापून, माती-कुंड्यांसकट काळ्या पिशव्यांत भरून, वर मासळीची घाण घालून ती बलदियाच्या डब्यापर्यंत गेली. परत आली, पुन्हा गेली. इक्बालला सांगितलं नाही. त्याला बायको-मुलं आहेत.

"कोणी पिशवी उघडली असती तर?" मी विचारलं.

"अमीनला ठाव नव्हतं, वैनी," ती म्हणाली. "मला ठाव होतं. ठाव असून जिना उतरले."

निवडलेला पाला माझ्या ओट्यावर ठेवून गेली. मी भाजी केली. पन्नास माणसं जेवली. यांच्या साहेबांनी अंबाडी दोनदा मागून घेतली. काल सकाळपर्यंत माझ्या मनात कोणती भाजी वाढायचं होतं, ते मी इथे लिहू शकत नाही.

१० सप्टेंबर, शनिवार

विसर्जन झालं.

अजिंक्य आला नाही. त्याच्या कंपनीत विचारलं. बुधवारपासूनच पत्ता नाही, इब्रीला कोणतं काम नव्हतं आणि झाडांचे दिवे ते विकत नाहीत. माझा निरोप वाचून तो गेला. स्वतः गेला. "मावशी, घर सोडा," एवढंही त्याला लिहिता आलं नाही.

सुरेखाचा फोन आला. तो दुबईमार्गे पुण्याला पोचला आहे, घाबरलेला आहे, काही बोलत नाही. म्हणाली, "त्याला कोणी तरी फसवलं असेल गं. त्याला माहीत नसेल."

"त्याला माहीत होतं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

यांना विचारलं, तुम्ही लहानपणी एवढी अंबाडी खाल्लीत, तुम्हाला कसं कळलं नाही? हे म्हणाले, ती अंबाडी नव्हे हे पहिल्या घासाला कळलं होतं. मग बोलला का नाहीत? यांनी चष्मा पुसला. "तू सांगितलंस, अंबाडी आहे. तुला कोण सांगणार?"

दिवे आणि तंबू अजून पलंगाखाली आहेत. ते कुठे टाकायचे कळत नाही. जिन्यात पाऊल वाजलं की मी उठून कडी बघते. आज उदबत्ती लावली तरी ती हुंगून बघितली. अर्बाबनी पुन्हा विचारलं तर? पुतण्यानं खरंच मानलं का? की सणाचा मान ठेवून गेला आणि परत येईल? डिसेंबर फार लांब आहे.

१२ सप्टेंबर, सोमवार. ईद.

हवाबीची वाटी पुन्हा माझ्याकडे आली होती. निवडलेल्या पाल्यावर झाकण म्हणून तिनं तीच घातली होती. घासून पुसून ठेवली. रिकामी द्यायची नाही. पुरणपोळ्या केल्या, एकीची घडी वाटीत बसवली, वर तूप सोडलं.

सकाळची नमाज होऊन माणसं जिन्यानं परतत होती. नवे कपडे, अत्तर. मी दाराच्या फटीतून सगळी वर जाईपर्यंत वाट बघितली. तेवढी सवय आता राहणार.

हवाबीनं दार उघडलं. नवी ओढणी होती अंगावर. मी ईद मुबारक म्हटलं. दारातच सुनावलेलं सगळं कसं परत घ्यायचं ते रात्री ठरवलं होतं, वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

"अमीनला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

तिनं वाटी घेतली. झाकण नव्हतं, म्हणून ओढणीचा पदर टाकून झाकली. बराच वेळ पदरावरून हात फिरवत राहिली.

"नव्हतंच," ती म्हणाली. मग दार पूर्ण उघडून बाजूला झाली. "या आत, वैनी. बसा."

मी चप्पल काढली आणि आत गेले.